रमाकांत देसाई : एका अल्पकाय द्रुतगती गोलंदाजाची कारकीर्द

द्रुतगती गोलंदाज म्हटला की उंच, रुंद खांद्याचा पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईचे रमाकांत भिकाजी देसाई (१९३९-१९९८) पुरते साडेपाच फूटही उंच नव्हते. ‘टायनी’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. तरीही १९५९ नंतरची काही वर्षे भारताच्या वेगवान माऱ्याची भिस्त मुख्यत्वे त्यांच्यावरच राहिली.

हे कसे साधले? चेंडू हातातून जितका उंचावरून सुटतो, तितका तो जमिनीवर अधिक उभा आदळतो आणि अधिक उसळतो. देसायांचा चेंडू खालून सुटे. म्हणून तो टप्पा पडल्यावर घसरत, अपेक्षेपेक्षा लवकर बॅटीवर येई. उंच गोलंदाजास उसळी सहज लाभते. देसायांना ती मात्र धाव व खांदा यांच्या बळावर खेचून काढावी लागे. पण त्या तिरकस रेषेतून आलेल्या आखूड चेंडूचा अंदाज फलंदाजास उशिरा येई. उणिवेचेच असे शस्त्र झाले, परंतु त्याचे मोल शरीराला द्यावे लागले.

१९५८-५९ च्या हंगामात त्यांनी रणजी करंडकात ५० बळी मिळविले. लगेच फेब्रुवारी १९५९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध उतरले. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ धावा केल्या. त्यात या नवख्या मुलाने ४९ षटके टाकून १६९ धावांत ४ बळी घेतले. कोवळ्या देहावर एवढा भार टाकणे कितपत शहाणपणाचे होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ८९ धावांत ५ गडी टिपले. दुसऱ्या टोकास सुरेंद्रनाथ चेंडू वळवीत, सोलापुरात जन्मलेले पॉली उमरीगर मध्यमगती मारा करीत. खरा वेग एकट्या देसायांचा. २८ कसोट्यांत ७४ बळी, सरासरी ३७.३१ आणि प्रत्येक कसोटीमागे सुमारे २०० चेंडू, हे आकडे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे ४६८ बळी २४.१० च्या सरासरीने आले. मायदेशीच्या संथ खेळपट्ट्यांचा विचार करता हा हिशेब मुळीच सामान्य नव्हे.

फलंदाजीतही ते केवळ शेपटाचे नव्हते. डिसेंबर १९६० मध्ये ब्रेबोर्न मैदानावर पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ८५ धावा केल्या व नाना जोशींसह नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या.

फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिन येथे डिक मॉट्झच्या चेंडूने त्यांचा जबडा मोडला. तशा अवस्थेतही ते खेळत राहिले आणि बिशनसिंग बेदींसह अखेरच्या गड्यासाठी ५७ धावांची भर घालून नाबाद ३२ वर परतले. न्यूझीलंडच्या ३५० ला भारताने ३५९ असे उत्तर दिले. ती भागी नसती तर ४८ धावांची पिछाडी होती. भारताने परदेशातील आपली पहिली कसोटी तेथे पाच गडी राखून जिंकली. देसायांची ती शेवटची कसोटी होती.