साखरेचा सांगावा

गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बरणीत महिनोन्महिने टिकते. तिच्यात भरपूर पाणी मिसळून ठेवले, तर मात्र एक-दोन दिवसांत फेस येतो व आंबूस वास सुटतो. हे काम किण्वाचे, म्हणजे यीस्टचे. घट्ट काकवीत त्याला पाणी मिळत नाही. ते मिळताच किण्व जागे होते.

ऊसशर्करा ही द्राक्षशर्करा व फलशर्करा यांची जोडी. ती फोडण्यासाठी किण्वपेशी इन्व्हर्टेज नावाचे विकर तयार करून बाहेर सोडते. द्राक्षशर्करा भरपूर असेल, तर पेशी हे विकर बनवणे जवळजवळ थांबवते. अन्न शिजलेले असताना चूल कोण पेटवील? द्राक्षशर्करा ओसरली, की निर्मिती पुन्हा वाढते. म्हणजे साखर हे अन्न आहे, तसाच तो सांगावाही आहे.

हा सांगावा रूपही बदलू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉयट्रासी या बुरशीचा अभ्यास केला. द्राक्षशर्करा आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, की ती किण्वासारख्या गोल, कोंब फुटणाऱ्या पेशींच्या रूपात वाढते. द्राक्षशर्करा काढून तापमान २८ अंशांवर आणले, की त्याच पेशींतून लांब तंतू निघतात. ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या विकराच्या दोन प्रकारांचे परस्परप्रमाणही या रूपांतराबरोबर बदलते.

हे जाणून आपल्याला काय मिळते? आपल्या तोंडात व आतड्यांत कँडिडा अल्बिकन्स हे किण्व बहुधा निमूटपणे राहते. त्याला तंतू फुटले, की ते शरीराच्या ऊतींत शिरू शकते. त्याला मिळणारे संकेत वेगळे आहेत. ३७ अंशांची ऊब त्याला उलट तंतूंकडेच नेते. मधुमेहात रक्तातील साखर ताब्यात नसेल, तर त्याचा संसर्ग अधिक आढळतो. बुरशीची पेशी पुष्कळ बाबतींत आपल्या पेशीसारखीच असल्याने तिला मारून आपल्याला न दुखावणारी औषधे थोडी आहेत. म्हणून बुरशी मारण्याऐवजी तिचे रूपांतर रोखता येईल का, याचा शोध चालू आहे.

तोवर घरातील मधुमेही आजी-आजोबांच्या जिभेवर पांढरा थर दिसला, तर तो नुसता पुसून न टाकता डॉक्टरांना दाखवावा.