फोन थकला की बॅटरी?

माझा मोबाइल सहा वर्षांचा झाला. मुले म्हणतात, "अब्बा, आता नवा घ्या." पण दुपारीच मान टाकते ती बहुधा बॅटरी; फोन ठणठणीत असतो.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. चार्ज होताना तिच्यातले लिथियमचे विद्युतभारित कण एका टोकाला जातात, वापरताना दुसऱ्या. या येरझाऱ्यांत काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि क्षमता घटते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियमच केला आहे : तिथे येणाऱ्या नव्या फोनच्या बॅटरीत ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. रोज एकदा चार्ज केला, तर ही झाली सुमारे सव्वादोन वर्षे.

उष्णता तिची वैरीण. म्हणून उशीखाली किंवा उन्हात ठेवून फोन चार्ज करू नये. बॅटरी फुगली, तर वापर त्याच क्षणी थांबवावा.

बॅटरी बदलता येते. फोनचे आयुष्य खरे सरते ते कंपनीकडून सुरक्षेची अपडेट्स थांबतात तेव्हा. त्यानंतर त्यावर गाणी ऐकावीत, कविता टिपाव्यात; बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.