जुनी स्कूटर नवी करण्याचा धंदा: आठवण फुकट मिळते, तास फुकट मिळत नाहीत



इंदापूरच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, जुन्या चेतक, येझदी, आरएक्स १०० शो-पीससारख्या करून द्यायच्यात. हात चांगला बसलाय. चालेल का हा धंदा?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला भिगवण रोडचं एक गॅरेज आठवलं. कॉलेजला असताना आम्ही तिथे बाकड्यावर बसून चहा प्यायचो आणि मिस्त्रींचं काम बघायचो. गंजलेली स्कूटर आत जायची आणि काही महिन्यांनी लग्नातल्या घोड्यासारखी सजून बाहेर यायची. लोक थांबून फोटो काढायचे. इतका नाव असलेला माणूस, पण गॅरेज बंद पडलं. शेवटी आत नऊ गाड्या खोललेल्या होत्या आणि एकीचंही काम पुढे न्यायला पैसे नव्हते. हाताला तोड नव्हती, पण हिशेब कच्चा होता.

म्हणून हा विषय व्हिडिओपेक्षा थोडा सविस्तर लिहितोय.

मागणी खरी आहे का?

आहे. आपल्या भागाचं आणि गाड्यांचं नातं जुनं आहे. बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथे आधी आपे रिक्षा बनायला लागली आणि २०१२ पासून व्हेस्पा. आपल्या तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. चेतकचं मूळही व्हेस्पातच. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर आकुर्डीत व्हेस्पा बनवली, तो करार संपल्यावर १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने चेतक आणली.

मोठ्या कंपन्यांनाही या आठवणीची किंमत कळलीय. २०१८ मध्ये जावा परत आली, २०२० मध्ये चेतक विजेवर धावायला लागली. गंमत बघा, नव्या जावाचं इंजिन लिक्विड-कूल्ड आहे, तरी त्याला बाहेरून जुन्या एअर-कूल्ड इंजिनासारख्या पट्ट्या दिल्यात. कशासाठी? लोकांच्या डोळ्यांत तेच इंजिन बसलंय म्हणून. अमेरिकेत सिंगर नावाची कंपनी जुन्या एअर-कूल्ड पोर्शे गाड्या नव्याने घडवते आणि लोक त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे. अडचण पुढे आहे.

एअर-कूल्ड इंजिन छोट्या गॅरेजला का परवडतं?

या इंजिनात रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाहीत. आरएक्स १०० सारख्या बाइकमध्ये समोरून येणारा वारा सिलिंडरच्या पट्ट्यांना लागतो आणि इंजिन गार राहतं. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला झाकलेलं असतं, तिथे वारा पोचत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंखा असतो आणि त्याची हवा पत्र्याच्या काउलमधून सिलिंडरवर सोडलेली असते.

पार्ट कमी, एका टेबलावर सगळं खोलता येतं, लेथवाला शेजारी असला की काम भागतं. पण चुकीला माफी नाही. पट्ट्यांमध्ये तेल-माती साचलेली राहिली, किंवा दिसायला छान म्हणून काउल काढून टाकलं, तर इंजिन तापून सीज होणार. शोमध्ये टाळ्या आणि पाटसपर्यंत जाताना गाडी टेम्पोत. असं एकदा झालं की तालुकाभर बोलबाला होतो.

आता खरा हिशेब

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एक चेतक पूर्ण करायचे तुम्ही ६०,००० रुपये सांगितले.

- पार्ट: १८,०००
- रंगकाम: १२,०००
- क्रोम: ५,०००
- लेथ, बोअर-पिस्टन: ४,०००

झाले ३९,०००. उरले २१,०००. तुम्ही म्हणाल, "सर, मस्त सुटले की!" थांबा. या गाडीवर तुमचे स्वतःचे १४० तास गेले. गॅरेजचं भाडं ८,०००, हेल्पर १३,०००, वीज आणि किरकोळ ३,०००, म्हणजे महिन्याला २४,०००. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास, असे २०० तास. म्हणजे गॅरेजचा एक तास १२० रुपयांना पडतो. १४० तासांचे झाले १६,८००.

२१,००० मधून १६,८०० गेले, हातात राहिले ४,२००. त्याला १४० ने भागा. तुमच्या कसबाची मजुरी तासाला ३० रुपये! हेल्पर तुमच्यापेक्षा जास्त कमावतोय.

आता बरोबर भाव काढू. स्वतःची मजुरी तासाला १५० धरा, गॅरेजचे १२०, एकूण २७०. त्याचे १४० तासांचे ३७,८००. अधिक बाहेरचा खर्च ३९,०००. झाले ७६,८००. जुन्या गाडीत आत काय निघेल सांगता येत नाही, म्हणून वर दहा टक्के. साधारण ८४,५००. आधी सांगितलेल्या ६०,००० मध्ये आणि यात जेवढा फरक आहे, तेवढ्याच फरकात भिगवण रोडचं गॅरेज बुडालं.

गाडी खोलायच्या आधीची पाच कामं

१. गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते विचारा. शोमध्ये लावायची, रोज चालवायची की फक्त आठवण म्हणून ठेवायची? ही तीन वेगळी कामं आहेत. वडिलांची स्कूटर घेऊन आलेल्या माणसाला पुढच्या पत्र्यावरचा पोचा दाखवा आणि विचारा, "दादा, हा काढायचा का ठेवायचा?" तो पोचा कदाचित त्यानेच लहानपणी पाडलेला असेल. सगळं नवं करून दिलं आणि तो म्हणाला, "ही बाबांची गाडी वाटत नाही," तर पैसेही अडकतात आणि माणूसही तुटतो. उत्तर वहीत लिहून त्याची सही घ्या.

२. तपासणीचे वेगळे पैसे घ्या. फोटो काढा, यादी करा, मगच इस्टिमेट द्या. तोंडी आकडा सांगू नका.

३. पैसे टप्प्याने घ्या. खोलताना, रंगाला जाताना, इंजिन बसताना आणि डिलिव्हरीला. टप्प्याचे पैसे आले नाहीत तर काम तिथेच थांबेल, हे आधीच सांगा. आपल्याकडे ओळखीत पैसे मागायला लाज वाटते. कागदावर लिहिलेलं असलं की लाज वाटत नाही.

४. एका वेळी दोनच गाड्या खोला. तिसऱ्याला नंबर द्या. रोजचा खर्च सर्व्हिसिंगमधून निघू द्या, जुन्या गाड्यांना गॅरेजचा एक कोपरा पुरे.

५. कागद बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवा. घासताना आणि रंगवताना नंबरवर टेप लावा, त्यावर पुट्टी चढली तर पुढे आरटीओत अडचण येते. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. रंग बदलला तर आरसीवरही बदलून घ्यावा लागतो. आणि २०२१ चा नियम लक्षात ठेवा. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला तर ती संधी जाते. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज वापरता येत नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा मेकॅनिक विश्वासाचा ठरतो.

मग त्या मुलाला काय सांगितलं?

"चालेल. पण पहिली गाडी स्वतःची कर आणि प्रत्येक तास वहीत लिही. किती वाजता पाना हातात घेतला, किती वाजता ठेवला. ती वही पूर्ण झाली की भाव काय सांगायचा ते तुला मला विचारावं लागणार नाही."

मिस्त्रींचं गॅरेज आठवलं की अजून पेट्रोल-टूटी ऑइलचा वास येतो, स्कूटर एका बाजूला तिरकी करून किक मारणारे मिस्त्री दिसतात. त्यांच्याकडे अशी एक वही असती, तर कदाचित आजही ते बाकडं तिथे असतं.

तुम्ही आजच वही घ्या. पुढच्या व्हिडिओत इस्टिमेट कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत, धंदा करा पण हिशेबाने!