मुका झालेला रेडिओ

यंत्र बंद पडलें कीं तें बिघडलें, असें आपण चटकन् म्हणतों. तें कांहीं विसरलें असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. गेल्या पौषांत आम्हांस हा धडा मिळाला.

आम्ही घरची मंडळी लेण्याद्रीस गिरिजात्मजाच्या दर्शनास गेलों होतों. पहाटे खेडच्या घाटांत धुकें होतें, म्हणून गाडीचे पुढील दिवे लावले. ऊन वर आल्यावर ते मालविण्याचें भान राहिलें नाहीं. दृष्टि गेल्यापासून आमच्या काकांना पायऱ्या चढवत नाहींत. ते गाडींतच रेडिओ ऐकत बसले. प्रवासांत रेडिओ हाच त्यांचा डोळा. दोन तासांनीं आम्ही परतलों, तों बॅटरी पार उतरलेली!

शेजारच्या गाडीच्या बॅटरीस तारा जोडून गाडी सुरू केली, परंतु रेडिओ मुका तो मुकाच. त्याच्या पट्टीवर ‘कोड’ एवढाच शब्द. ज्या जुन्नर तालुक्यांत खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या दूरच्या आकाशगंगांच्या क्षीण रेडिओलहरी टिपतात, तेथेंच आम्हांस साधें आकाशवाणीचें केंद्र लागेना! वाटेवरील एका दुकानदारानें “सेट जळला, नवा बसवा” असा निकाल दिला. काका त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत, घोडेगांवास घरीं पोंचल्यावर मात्र म्हणाले, “माझ्या ऐकण्यापायींच झालें हें. आतां नवा घेऊं नका.”

ही त्यांची रुखरुख दूर करणें आम्हांस अगत्याचें वाटलें. हिशेब सोपा होता. आमच्या जुन्या गाडीचे पुढील दोन दिवे मिळून सुमारें ११० वॅटचे. ते १२ व्होल्टच्या बॅटरींतून ९ अँपिअर प्रवाह ओढतात. बेताच्या आवाजांत चालणाऱ्या रेडिओस त्याचा पांचवा हिस्साहि लागत नाहीं. दोष आमचा होता, काकांचा नव्हे.

मग रेडिओ मुका कां झाला? त्यास वीज दोन तारांनीं मिळते. एक तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होते. दुसरी अहोरात्र जिवंत राहून घड्याळ व जुळविलेलीं केंद्रें यांचें स्मरण राखते. बॅटरी पार उतरली कीं हें स्मरण पुसलें जातें. शिवाय चोरलेला रेडिओ चोरास निरुपयोगी व्हावा म्हणून कांहीं कारखानदार त्यांत कुलूप ठेवतात. वीज तुटून पुन्हां आली कीं रेडिओस वाटतें, आपणांस कोणी पळविलें; आणि तो सांकेतिक अंक विचारूं लागतो.

वाचकांवर असा प्रसंग आल्यास क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. इंजिन बंद असतां तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. ती पुन्हां उतरली, तर कुलूपहि पुन्हां लागेल. अंक अंदाजानें घालूं नयेत. चुका वाढल्या कीं सेट कांहीं काळ, कित्येकदां तासभर, दाद देत नाहीं. अंकाचें कार्ड हरवलें असल्यास सेटवरील क्रमांक व गाडीच्या मालकीचे कागद घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जावें. पट्टीवर उजेडच नसेल तर फ्यूज पाहावा. तारा उलट जोडल्या गेल्यास तो जळतो. एक फ्यूज डॅशबोर्डखालील पेटींत, दुसरा बहुधा सेटच्या पाठीशीं असतो. बदली फ्यूज तितक्याच अँपिअरचा हवा. तारेचा तुकडा लावून काम भागविणें म्हणजे आगीस आमंत्रण. रेडिओ उजळूनहि नुसती खरखर आली, तर केंद्रें पुन्हां जुळवावीं. एफ. एम. लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. भीमाशंकरच्या बाजूस डोंगराआड त्या नीट पोंचत नाहींत. मोकळ्या जागीं येऊन पाहावें.

आमचें कार्ड गाडीच्या पुस्तिकेंत, जुन्या पावत्यांखालीं सांपडलें. बॅटरी भरून आणल्यावर तीन आंकडे आम्हीं घातले व चौथ्याचें बटण काकांच्या बोटाखालीं दिलें. खरखर सुरू झाली. तशीच गाडी मंचरच्या वाटेस मोकळ्यावर नेली, तों बातम्यांचा स्वच्छ आवाज आला. आम्हीं दिव्यांचा हिशेब पुन्हां सांगितला.

काका हसून म्हणाले, “कळलें. आतां बोलूं नका, बातम्या ऐकूं द्या. आणि उतरतांना दिवे तेवढे मालवा.”