कल्पनेला ऊब कोण देणार?

विद्यापीठ म्हटले की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, निकालाची वाट आणि पदवीदान समारंभातला तो भाड्याचा झगा! विद्यापीठ विद्यार्थ्याला धंदा काढायला हात देते असे दोन वर्षांपूर्वी मला कोणी सांगितले असते, तर मी हसण्यावारी नेले असते. त्यातून मी पडले कलाशाखेची. समाजशास्त्राची विद्यार्थिनी कसला शोध लावणार आणि तो बाजारात कशी नेणार? पण गेल्या दोन वर्षांत या वाटेवर थोडे चालून झाले, ठेचाही लागल्या. त्या वाटेची माहिती आपल्या अंकाच्या वाचकांना द्यावी, एवढ्यासाठीच हा लेख.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो माशांच्या पाटीतून. आम्ही राहतो कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला. आमच्या शेजारच्या मावशी मासळी विकतात. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचे, माल घ्यायचा, लोकलच्या लगेजच्या डब्यातून ठाण्याला यायचे आणि दुपार होईपर्यंत विकून मोकळे व्हायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करायची वेळ आली तेव्हा मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मासळी विकणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायचे ठरविले. प्रश्नावली आम्ही मोठ्या हुशारीने तयार केली होती. भांडवल, कर्ज, बाजारातील जागा, घरच्यांची साथ, सगळे तीत होते. मावशींनी सगळी उत्तरे निमूटपणे दिली आणि शेवटी म्हणाल्या, "पोरी, बरफ टाकीन मी, पन पानी कुठं टाकू?"

प्रश्नावलीत पाण्याचा रकानाच नव्हता! बर्फ वितळतो, ते पाणी माशांच्या रक्तात मिसळून पाटीतून गळते, डब्यातल्या माणसांच्या चपलांखाली जाते आणि रोज भांडण होते. थर्मोकोलच्या खोक्यात पाणी गळत नाही, पण ते खाली साचते, तळची मासळी त्यात भिजून पांढरी फटक आणि मऊ पडते, आणि खोका तर काही आठवड्यांतच तुटतो. पुढच्या प्रत्येक बाईला आम्ही पाण्याचे विचारले. जवळजवळ सर्वांनी तेच सांगितले. आमच्यातल्या एकीने वहीच्या मागच्या पानावर एक पेटी काढली. खाली जाळीचा दुसरा तळ, त्याखाली पाणी साचायला जागा, कोपऱ्यात बुचाची तोटी आणि वर असे झाकण की ते उलटे ठेवले तर त्यावरच मासा कापता यावा. ही झाली कल्पना. आता पुढे काय?

इथे इन्क्युबेशन सेंटर या शब्दाची ओळख करून द्यायला हवी. इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबविण्याची पेटी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्या काचेच्या पेटीत ठेवतात तिलाही हेच नाव. नव्या उद्योगाला सुरुवातीच्या नाजूक दिवसांत जागा, यंत्रे, सल्ला आणि थोडा पैसा देऊन सांभाळणारे केंद्र ते इन्क्युबेशन सेंटर. आपल्या जवळचे सर्वांत नावाजलेले उदाहरण पवईच्या आय.आय.टी.चे. तिथे २००४ साली 'साइन' ही संस्था निघाली. तिथल्याच काही विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी या केंद्राच्या उबेत वाढली. '३ इडियट्स' या २००९ च्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपाशी उडणारे ते छोटे यंत्र या कंपनीचे होते. पुढे तिची ड्रोन विमाने सैन्यदलाकडे गेली आणि २०२३ साली कंपनी शेअरबाजारात आली.

राज्याच्या विद्यापीठांकडेही हे काम कायद्याने आले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने प्रत्येक विद्यापीठात परीक्षा, ग्रंथालय यांसारखाच नवोपक्रमाचाही स्वतंत्र विभाग आणि त्यासाठी संचालक असावा अशी तरतूद केली. मुंबई विद्यापीठाने 'एमयू आयडियाज फाउंडेशन' या नावाने आपले केंद्र काढले. राज्य शासनाने २०१८ मध्ये स्टार्टअप धोरण आणले. त्याच वर्षी भरलेल्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नव्या कंपन्यांना प्रत्येकी १५ लाख रुपयांपर्यंतचे सरकारी काम देण्याची योजना होती. मला ही योजना विशेष पटली, कारण तिच्यात बक्षीस म्हणून ढाल नाही, गिऱ्हाईक मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगर तयार होता, नव्हते ते गिऱ्हाईक.

पण हे 'विद्यापीठ आणि उद्योग' प्रकरण आजकालचे आहे असा माझा जो समज होता तो आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी दूर केला. डोंबिवलीहून येणाऱ्या आपल्या कितीतरी मित्रांच्या बसचा रोजचा थांबा म्हणजे घरडा सर्कल. हे घरडा कोण, असे मी त्यांच्यापैकी चौघांना विचारले. चौघांनाही सांगता आले नाही. केकी होर्मुसजी घरडा (१९२९–२०२४) हे आपल्याच मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. यू.डी.सी.टी. या आद्याक्षरांनी तो जगभर प्रसिद्ध झाला आणि २००८ पासून आय.सी.टी. या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. गिरण्यांच्या मुंबईला कापड रंगविणारी, ब्लीच करणारी शिकलेली माणसे हवी होती, म्हणून आरंभीच्या विषयांत वस्त्ररसायनशास्त्र होते. घरडा तिथे शिकले, अमेरिकेत जाऊन पीएच.डी. झाले आणि परत येऊन साठच्या दशकात त्यांनी स्वतःची रसायन कंपनी उभी केली. तिचा कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आला. गव्हातले तण मारणारे आयसोप्रोट्युरॉन हे औषध त्यांनी स्वतःच्या पद्धतीने बनवून परदेशी कंपन्यांपेक्षा स्वस्तात शेतकऱ्याला दिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा इन्क्युबेशन सेंटर हा शब्द कोणी ऐकला नव्हता. मग त्या विभागाने असे काय दिले की तिथून कारखानदारांची एवढी रांग निघाली? सरांच्या मते याचे उत्तर प्राध्यापकांच्या उघड्या दारात आहे. तिथले प्राध्यापक कारखान्यांना सल्ला देत. कारखान्यातली अडचण त्यामुळे प्रयोगशाळेत येई आणि विद्यार्थी वर्गात बसल्याबसल्या खऱ्या अडचणी सोडवायला शिकत. प्रा. मन मोहन शर्मा १९६४ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले, १९८९ ते १९९७ संचालक होते. उद्योगांशी सल्लागाराचे नाते ठेवूनच त्यांनी मूलभूत संशोधन केले आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविले. म्हणजे विद्यापीठाचा उद्योगाला खरा आधार पैशाचा कमी आणि सहवासाचा जास्त. अमेरिकेतही हेच दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फ्रेडरिक टर्मन या प्राध्यापकांनी ह्यूलेट आणि पॅकार्ड या आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या मागे लागून त्यांना १९३९ साली धंद्यात उतरविले. भांडवल होते ५३८ डॉलर आणि कारखाना म्हणजे एक गॅरेज!

असो. पुन्हा आमच्या पेटीकडे वळते.

पहिला नमुना आम्ही बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा टब, भाजी धुण्याची जाळी आणि पाण्याच्या टाकीचा नळ एवढ्यावर केला. तो मावशींच्या डोक्यावर अर्ध्या जिन्यातच डगमगला. दुसरा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात फायबरचा करून घेतला. तिथल्या मालकांनी आम्हाला एक गोष्ट समजावून दिली ती अशी. एक पेटी हाताने करणे सोपे, पण हजार पेट्या स्वस्त करायच्या तर साचा हवा आणि साच्याची किंमत लाखांत जाते. एक नमुना आणि हजार नगांचा माल यांच्यामध्ये जी दरी आहे तिच्यातच बहुतेक विद्यार्थ्यांच्या कल्पना पडून मरतात. २०२१ साली केंद्र सरकारने आणलेली बीजभांडवल योजना याच दरीसाठी होती. मान्यताप्राप्त इन्क्युबेशन केंद्रामार्फत नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान देण्याची तिच्यात सोय होती. मात्र त्यासाठी आधी कंपनी नोंदवलेली असावी लागे. तीन मुली आणि एक टब म्हणजे कंपनी नव्हे, हे आम्हाला तिथे कळले.

आता ठेचेबद्दल. नमुना बरा झाला तेव्हा आनंदाच्या भरात आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात तो मांडला. दोन दिवस उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला जाळी कशी बसते, तोटी कुठे आहे, झाकण कसे उलटते हे तोंडाला फेस येईपर्यंत सांगितले. लोकांनी फोटो काढले. एका गृहस्थांनी तर टेप लावून मापेही घेतली आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटला! नंतर पेटंटची माहिती असलेल्या एका वकीलबाईंना भेटलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "अर्ज करण्याआधी हे किती जणांना दाखवलंत?"

पेटंटचा पाया नवेपणा आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वी तुम्ही स्वतःच गोष्ट चारचौघांत उघड केलीत, तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी राहत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. महाविद्यालयाच्या सभागृहातले प्रदर्शन त्यात बसत नाही. तळाला निचरा असलेल्या मोठ्या पेट्या आधीपासून आहेत, त्यामुळे आम्हाला पेटंट मिळालेच असते असे नाही. पण पेटीच्या आकाराची 'डिझाइन' म्हणून नोंद करता आली असती. ती दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढविता येते. तीही गेली, कारण तिलाही हाच नियम. दोष कोणाचा नाही, आमचाच. कोणालाही दाखविण्याआधी अर्ज करावा हे एक वाक्य आम्हाला वेळेवर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून ते इथे लिहून ठेवते. एकट्या व्यक्तीला पेटंटच्या ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, आणि २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही शुल्कात ऐंशी टक्के सूट मिळाली. खरा खर्च असतो तो अर्ज नीट लिहून देणाऱ्या जाणकाराचा.

आणि कल्पना मालकीची कोणाची? आमची की महाविद्यालयाची? हा प्रश्न ऐकून माझ्या मैत्रिणी चिडल्या, पण तो रास्त आहे. विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये जे नवोपक्रम धोरण जाहीर केले त्यात याचा विचार आहे. संस्थेची साधने वा पैसा लक्षणीय प्रमाणात वापरला असेल, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर मालकी दोघांची मिळून. संस्थेचे काहीच वापरले नाही आणि अभ्यासक्रमाशीही संबंध नाही, तर ती शोध लावणाऱ्याचीच. संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकातला निदान एक टक्का या कामासाठी ठेवावा, उद्योगात पडलेल्या विद्यार्थ्याला हजेरी कमी भरली तरी परवानगीने परीक्षेला बसू द्यावे, हवे तर सत्र वा वर्षभराची सुटी द्यावी, कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरू द्यावा, आणि या सोयींच्या बदल्यात संस्थेने कंपनीत दोन ते साडेनऊ टक्के भाग घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, प्रत्येक संस्थेने त्यांवरून आपले नियम करायचे आहेत. तेव्हा धोरणाचे कात्रण घेऊन कोणी उद्या हजेरीसाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसू नये!

एका केंद्राच्या निवड समितीपुढे आम्ही गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "यात तंत्रज्ञान काय आहे?" आम्ही गप्प. घरी येताना कोपरीच्या पुलावर मैत्रीण म्हणाली, "आपण सांगायला हवं होतं की यात बावीस बायकांच्या मुलाखती आहेत." मला वाटते तिचे बरोबर होते. अभियांत्रिकीच्या मुलांनी याहून चांगली पेटी केली असती, यात शंका नाही. पण त्यांनी बर्फ जास्त वेळ टिकविणारी पेटी केली असती, आणि मावशींना बर्फाची अडचण नव्हतीच. अडचण नेमकी ओळखणे हे काम कलाशाखेला शिकविलेले असते. राज्यातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांचा स्वतंत्र गट आहे. तिथे आपल्याला हे बोलून दाखवायला जागा मिळते. उद्योगाच्या केंद्रांत ती अजून क्वचित मिळते, आणि मिळावी म्हणून आपणच दार ठोठवायला हवे. शिवाय आपल्या कितीतरी वस्तूंना पेटंट लागतच नाही. बोलीभाषेचा कोश, मुलांच्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण, ठाण्याच्या तलावांची माहितीपुस्तिका, यांचा लेखाधिकार निर्मितीच्या क्षणीच आपला होतो आणि लेखनाच्या बाबतीत तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणीची सक्तीही नाही.

आमचा तिसरा नमुना गेल्या पावसाळ्यात तयार झाला. यंत्र विभागाची सोय असलेल्या एका महाविद्यालयातील दोन मुलांना आम्ही सोबत घेतले आणि यावेळी कोण काय करणार व कोणाचा वाटा किती, हे आधी कागदावर लिहून सह्या केल्या. जुन्या पेटीत नसलेली एक गोष्ट, बुचाची नवी रचना, या मुलांनी काढली आहे. ती कशी आहे ते मी इथे लिहिणार नाही. वकीलबाईंनी तशी ताकीदच दिली आहे, अर्ज अजून जायचा आहे.

पेटी मात्र रोज धक्क्यावर जाऊन येते. मावशींनी तिचे पैसे देऊ केले तेव्हा आम्ही नको म्हटले. त्यांनी रागावून नोटा माझ्या हातात कोंबल्या, "फुकट घेतली तर उद्या मोडली म्हनून कोनाला बोलू?" तेवढी रक्कम आमच्या हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला पहिली नोंद म्हणून लिहिली आहे. खर्चाच्या बाजूची चार पाने भरली आहेत.