‘गोनातोदेस’ : गुडघे असलेले खोड

ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस (इ.स.पू. ४थे शतक) बोरूसारख्या पेरेदार खोडांस ‘गोनातोदेस’ म्हणतो. ‘गोनु’ म्हणजे गुडघा. संस्कृत ‘जानु’ याचेच सगोत्र. येथे गुडघ्याचे वाकणे अभिप्रेत नाही, फुगीर सांधा अभिप्रेत आहे. आपल्या पूर्वसूरींनी तेथे पर्व पाहिले. म्हणूनच दूर्वा ‘शतपर्वा’.

हाच ‘गोनु’ ‘पॉलिगोनॅटम’ (बहुजानु) या नावात आहे. मेदा व महामेदा या त्याच प्रजातीतील दोन जाती मानल्या जातात. मात्र त्यांचे गुडघे भूमिगत खोडावर, म्हणजे मूलस्तंभावर असतात. वाळलेला माल पारखताना आम्ही हीच गाठीदार पेरे व त्यांवरील वाटोळे वण पाहतो. शतावरीच्या मुळांवर ते आढळत नाहीत. मेदेच्या अभावी शतावरी घेण्यास भावप्रकाशाची संमती आहे. पुडीवर ‘मेदा’ लिहून शतावरी विकण्यास नाही.