शीर्षासनाच्या आधी डोळ्यांचा पडदा

मधुमेह झाल्यावर डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात, तेव्हा आपल्या मनात वजन, हृदय आणि शुगरचा आकडा असतो. डोळे सहसा नसतात. प्रत्यक्षात आपण किती हालचाल करतो आणि किती वेळ बसून राहतो, याचा डोळ्यांच्या पडद्याशी जवळचा संबंध आहे.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव झिरपतो. काही वाहिन्या बंदच पडतात. मग रक्ताला मुकलेल्या भागाजवळ नव्या वाहिन्या फुटू लागतात. पण त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. सुरुवातीला हे काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, पेपर स्वच्छ वाचता येतो. म्हणूनच ‘मला तर सगळं नीट दिसतं’ या वाक्याची मला धास्ती वाटते. 2023 मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचं दाखवलं. त्याआधीच्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण दर आठांमध्ये एकाचा पडदा बिघडलेला आढळला होता.

साखर आटोक्यात ठेवली तर पडदा वाचतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. 1993 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत टाइप 1 मधुमेहींच्या साखरेवर कडक नियंत्रण ठेवल्यावर पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. हालचाल इथे कामी येते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर उचलतो. तासन्‌तास बसलं की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू या कामातून सुटी घेतात.

मग सकाळी पाऊण तास फिरून आलेल्या माणसाने दिवसभर खुर्चीत बसलं तर चालेल का? 2016 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेहींना दर अर्ध्या तासाने फक्त तीन मिनिटं हळू चालायला किंवा साधे व्यायाम करायला लावले. सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. त्याच वर्षी अमेरिकेत, हालचाल मोजणारं यंत्र अंगावर बांधून घेतलेल्या मधुमेहींच्या माहितीत, रोजच्या बसण्यात एका तासाची भर पडली की पडद्याचा विकार असण्याची शक्यता सुमारे 16 टक्क्यांनी जास्त दिसली. हा अभ्यास तीनशेहून कमी लोकांचा आणि एकाच वेळच्या नोंदींचा होता. ज्याला कमी दिसतं तो आपोआप जास्त बसतो, असंही असू शकतं. त्यामुळे बसण्यानेच डोळे जातात, असं मी म्हणणार नाही. पण फोन आला की उठून फिरत बोलणं आणि जेवणानंतरची शतपावली यांसाठी आणखी पुराव्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

दुसरी बाजू मात्र फार कमी लोकांपर्यंत पोहोचते. पडद्यावर नाजूक वाहिन्या उगवल्या असतील किंवा विकार त्या टप्प्याच्या जवळ आला असेल, तर काही व्यायाम घातक ठरू शकतात. श्वास रोखून जड वजन उचलणं, उड्या, धक्के बसणारे खेळ, तसंच शीर्षासन-सर्वांगासन यांसारखी डोकं खाली नेणारी आसनं यांमुळे डोळ्यात रक्तस्राव होण्याची किंवा पडदा सुटण्याची भीती असते. शुगर निघाल्यावर उत्साहाने जिम किंवा योगवर्ग लावणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. संथ चालणं अशा रुग्णांनाही बहुधा चालतं. पडद्यावर उपचार म्हणून लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन झाल्यावर जोराचे व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचे, ते डॉक्टर ठरवतील.

टाइप 2 मधुमेह निदानाआधी कित्येक वर्षं अंगात दडलेला असू शकतो, म्हणून पडद्याची पहिली तपासणी निदान होताच करायची आणि पुढे साधारण दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टर पडदा पाहतात आणि त्यानंतर काही तास धूसर दिसतं. तेव्हा दुचाकीवरून एकट्याने जाऊ नका, घरच्या कुणाला सोबत घ्या, आणि उठण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: माझ्या पडद्याला कोणता व्यायाम चालेल?